दीड हजार मीटर, एकोणतीस टर्न

नाशिकच्या तलावांवर एक समज घट्ट बसलाय: स्प्रिंटला मागे पडणारं पोर लांब पल्ल्याला टाकायचं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या बॉबी फिंकने 1500 मीटर फ्रीस्टाइल 14:30.67 मध्ये मारली. म्हणजे 58 सेकंदांचे पंधरा शंभर, मध्ये न थांबता. आपल्याकडे एकच शंभर 58 मध्ये मारणाऱ्या पोराला कोच जपून ठेवतात!

आधी पेस काढा, म्हणजे शंभर मीटरला टिकणारी वेळ. 400 मीटर जीव तोडून, मग दहा मिनिटं आराम आणि 200. समजा 5:20 आणि 2:30 आले. फरक 170 सेकंद, त्याचा निम्मा 85. म्हणजे शंभराला 1:25. त्याच पेसने 15 वेळा 100, दर 1:40 ला सुटायचं. पहिले तीन 1:20 ला आणि बारावा 1:31 ला आला, तर दम कमी नाही, सुरुवात उधळली.

खरी गळती भिंतीपाशी होते. पन्नास मीटरच्या तलावात 29 टर्न. प्रत्येकात अर्धा सेकंद गेला तरी साडेचौदा सेकंद गेले. भिंत बघायला डोकं वर काढलं की कंबर बुडते. बघायची ती तळाची काळी रेघ: भिंतीच्या दोन मीटर अलीकडे ती आडवी होऊन संपते. तिथून शेवटच्या हाताला श्वास नको, आणि भिंत सोडल्यावर पहिल्या हातालाही नको. पंचवीस मीटरच्या तलावात सराव करणाऱ्यांचा घोटाळा वेगळाच. तिथे दुप्पट वेळा भिंत ढकलायला मिळते, त्यामुळे वेळ फसवा चांगला येतो; पन्नासच्या तलावात तेच हात तिसऱ्या शंभरापासून जड होतात.

खांदा समोरून दुखायला लागला तर हात पाण्यात शिरताना डोक्यासमोरची मध्यरेषा ओलांडतोय का, ते आधी बघा. दुखणं थांबेपर्यंत किकबोर्ड (हातात धरून नुसते पाय मारायची फळी) बाजूला ठेवा. हात पुढे ताणून धरले की तोच खांदा आणखी चिडतो.

पाऊण तासाच्या बॅचमध्ये जेमतेम दीड-दोन किलोमीटर होतात. या पल्ल्याला एका वेळी पाच तरी लागतात, त्यामुळे रिकामी लेन मिळवणं हाच पालकांचा खरा उद्योग. डिसेंबर-जानेवारीत पहाटे नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा उघड्या, गरम न केलेल्या तलावात अंतराचा हट्ट नको. रबर ट्यूब ओढणं आणि पोटाचे व्यायाम वाढवा. (आणि सरावाआधी मिसळ नको, कितीही नाशिककर असलात तरी.) दहावीच्या वर्षी पोहणं पूर्ण सोडवू नका. आठवड्यात तीनदा पाण्यात उतरलं तरी हाताला पाणी लागत राहतं.

शर्यतीत ज्या गड्याचे दोन लॅप (तलावाच्या दोन लांब्या) आणि पाच मीटर उरतात, त्याच्या लेनला घंटा किंवा शिट्टी वाजते. तोवर दोन हातांमागे दोनच किक. तुमचे शेवटचे दोन लॅप आले की सहा.