तुम्ही विचारलंत म्हणून: काउंट नॉर्मल, मग काकू दमतात का?

प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो. "काकूंची केमो संपून तीन महिने झाले. हिमोग्लोबिन साडेबारा, पांढऱ्या पेशी जागेवर, प्लेटलेट दोन लाखांच्या वर. डॉक्टर म्हणतात सगळं छान. मग दुसऱ्या मजल्यावर जाताना मधे टेकावं का लागतं?" इंदूरच्या मराठी घरांत यापुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "कुणी म्हणालं, केमोनं रक्तातली एनर्जीच जाते. त्याची तपासणी होते का?"

सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, नुसती डोकी मोजते. कोणाच्या अंगात किती जोर आहे, हे त्या कागदावर नसतं. आणि हा जोर रक्तातल्या सगळ्या पेशींत एकाच जागी तयार होत नाही, तेव्हा "रक्तातली एनर्जी" असं एकगठ्ठा काही नसतंच.

लाल पेशीत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारी पेशीतली इंजिनं, नसतात. (इंदुरात हिंदी माध्यमात शिकलेल्यांना सूत्रकणिका आठवेल, मराठी पुस्तकात तंतुकणिका.) हाडांतल्या मज्जेतून बाहेर पडून पूर्ण तयार होताना ती ते टाकून देते आणि पुढचे १२० दिवस निव्वळ ग्लुकोज अर्धवट फोडून जगते: एका रेणूमागे दोन एटीपी (पेशीच्या ऊर्जेची सुटी नाणी), बस. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचंही बरंचसं असंच, तेही काही तासांचं ते फार तर काही दिवसांचं आयुष्य. प्लेटलेटमध्ये थोडे मायटोकॉन्ड्रिया असतात, त्या ७ ते १० दिवसांत बदलतात. लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी मात्र ऑक्सिजन वापरून इंधन जाळतात, आणि काही लिम्फोसाइट वर्षानुवर्षं टिकतात. म्हणजे केमोची आठवण रक्तात कोणी ठेवायचीच असेल तर ती याच ठेवणार, किंवा त्यांना जन्म देणाऱ्या मज्जेतल्या मूळ पेशी.

आता स्तनाच्या कॅन्सरच्या केमोतलं ते लाल औषध. वॉर्डात सगळे त्याला लाल दवाईच म्हणतात, दुसऱ्या दिवशी लघवी लालसर होते म्हणून घाबरूही नका. डॉक्सोरुबिसिन, शरीराच्या दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, सोबत सायक्लोफॉस्फामाइड ६००, असे साधारण चार डोस. १.६ चौरस मीटरच्या बाईला एका वेळी ९६ मिलिग्रॅम. कॅन्सरच्या पेशीत ते डीएनएवर काम करतं, पण त्याची एक वेगळी सवय आहे. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात कार्डिओलिपिन नावाचं चरबीसारखं द्रव्य असतं. औषध धनभारित, हे द्रव्य ऋणभारित, त्यामुळे ते तिथेच जाऊन चिकटतं. मग श्वसनसाखळीच्या (इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देऊन ऊर्जा बनवणाऱ्या प्रथिनांच्या रांगेच्या) पहिल्या टप्प्यातून एक इलेक्ट्रॉन उचलतं, जवळच्या ऑक्सिजनला देतं, मोकळं होतं, पुन्हा उचलतं. दर फेरीला एक ठिणगी. शेजारीच मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए: १६,५६९ अक्षरांचा छोटा गोल, ३७ जीन, त्यातल्या १३ प्रथिनांची पाककृती आणि ती सगळीच्या सगळी ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतली. दुरुस्तीची सोय केंद्रकाइतकी भक्कम नाही. हे सगळ्यात जास्त हृदयाला भोवतं, म्हणून औषधाची आयुष्यभराची मर्यादा ठरवलेली असते आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेतात. पण रक्तातल्या पेशीही त्याच औषधात पोहत असतात.

सायक्लोफॉस्फामाइड लिम्फोसाइट मारतं, विशेषतः बी-पेशी. रेडिएशनला (आजकाल बहुधा ३ आठवड्यांत १५ बैठकी, एकूण डोस ४० ग्रे) त्या भागातून वाहणारं रक्त सामोरं जातं आणि लिम्फोसाइट फार थोड्या डोसलाही बळी पडतात. केमोच्या दिवशीचं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड साखर चढवतं, लिम्फोसाइट खाली आणतं आणि न्यूट्रोफिल वर.

तपासणी कशी करतात ते सांगतो, कारण गोम तिथेच आहे. सकाळी १० मिली रक्त, हिरव्या टोपणाच्या हेपरिनच्या नळीत. त्यात तेवढंच सलाईन मिसळून फायकॉल या जड द्रवावर (घनता १.०७७) नळीच्या कडेनं, थर न मोडता, सोडायचं. गरगर फिरवणारं मशीन ४०० जी वर (गुरुत्वाच्या ४०० पट) ३० मिनिटं, साध्या तापमानाला, ब्रेक बंद. ब्रेक लावलात तर थर ढवळतात. खाली लाल पेशी आणि न्यूट्रोफिल, वर प्लाझ्मा, मधे ढगासारखा पांढरा पट्टा: त्यात लिम्फोसाइट आणि मोनोसाइट. तो पिपेटनं उचलून हळू वेगानं, २०० जी वर १० मिनिटं, दोन-तीनदा धुवायचा. नाहीतर प्लेटलेट पट्ट्यात उरतात, आणि त्याही श्वास घेतात! तपासणीच्या प्लेटच्या दर खान्यात मोजून दोन लाखांच्या आसपास पेशी चिकटवायच्या, ३७ अंशांवर ऑक्सिजन किती खातात ते मशीननं मोजायचं.

मग तीन औषधं. पहिलं ऑलिगोमायसिन, ते एटीपी बनवणारा पंखा बंद करतं: श्वास जितका घटला तितका खरोखर एटीपीसाठी होता. दुसरं एफसीसीपी, ते हा पंखा फिरवणारं, आतल्या पडद्यामागे साठलेल्या भाराचं धरण फोडतं, पेशी जिवाच्या आकांतानं श्वास घेते: हा कमाल वेग. तिसरं रोटेनोन आणि अँटिमायसिन, मायटोकॉन्ड्रिया पूर्ण बंद: उरलेला श्वास इतर कामांचा. कमालमधून सुरुवातीचा वेग वजा केला की राखीव ताकद मिळते. थकव्याच्या प्रश्नात लक्ष द्यायचा आकडा हाच. राजवाड्याच्या गल्लीत तीन सवाऱ्या घेऊन जाणारी रिक्षा आणि खंडव्याच्या रस्त्यावर भेरूघाट चढणारी रिक्षा, इंजिन एकच. सपाटीवर दोष दिसत नाही. समजा आधी सुरुवातीचा वेग ६०, कमाल १८०, म्हणजे राखीव १२०. उपचारांनंतर सुरुवातीचा तोच ६०, पण कमाल ११०: राखीव ५०. बसल्या जागी पेशी ठीक, चढ आला की कळतं.

इथे घाईनं निष्कर्ष काढणारे फसतात. पट्ट्यात दोन जातींच्या पेशी आहेत. समजा मोनोसाइट ९० घेते, लिम्फोसाइट ४०. मिश्रण १० आणि ९० टक्के असेल तर सरासरी ४५. केमोनंतर लिम्फोसाइट मेल्या आणि प्रमाण ४० आणि ६० झालं, तर सरासरी ६०. तिसऱ्या हिश्श्यानं वाढ, आणि एकाही पेशीचं इंजिन बदललेलं नाही! जनगणना बदलली एवढंच. त्यात पांढऱ्या पेशी वाढवणारं फिलग्रास्टिमचं इंजेक्शन झालं असेल तर हलके, कच्चे न्यूट्रोफिलही त्याच पट्ट्यात येऊन बसतात. म्हणून पेशींची ओळख पटवून, निदान प्रमाण मोजून, मगच आकड्याला किंमत द्यायची. माझ्या मते ज्या निकालासोबत हे प्रमाण दिलेलं नसेल तो वाचू नये.

बाकीच्या चुका साध्या असतात पण निकाल खातात. मे महिन्यात ४२ अंशांत रक्ताची नळी स्कूटरच्या डिक्कीत अर्धा तास राहिली, संपलं. उलट "टिकेल" म्हणून बर्फात ठेवली तरी संपलं, कारण गारठलेल्या प्लेटलेट चिकट होतात आणि थर नीट लागत नाही. १८ ते २५ अंश, आणि काही तासांत काम सुरू. एफसीसीपी जास्त पडलं तर श्वास उलट दबतो आणि दोष केमोवर जातो, म्हणून आधी तीन-चार मात्रा करून बघायच्या. डेक्सामेथासोन कधी घेतलं ते नळीवर लिहिलेलं नसलं तर साखरही खोटी बोलते, पेशींचं प्रमाणही. आणि औषधानंतर दहाव्या-चौदाव्या दिवशी, काउंट तळाला असताना, त्याच १० मिलीतून कधी नेहमीच्या चौथ्या हिश्श्याइतक्याही पेशी मिळत नाहीत.

तर तपासणी होते का? संशोधनात होते. रुग्णाच्या उपचाराचा निर्णय ज्यावर घ्यावा असा नॉर्मल-अ‍ॅबनॉर्मलचा आकडा तिला नाही. कुणी पॅकेजमध्ये "मायटोकॉन्ड्रिया प्रोफाइल" विकत असेल तर तो पैसा वाचवा.

"साखर बंद केली तर?" हाही प्रश्न लगेच येतो. लाल पेशींना दुसरं अन्नच नाही, दिवसाला साधारण ३० ते ४० ग्रॅम ग्लुकोज त्याच वापरतात. खाल्लं नाहीत तर यकृत बनवतं आणि त्यात स्नायूंचं प्रथिनही खर्ची पडतं. पोहे खा की. जिलबी डायबिटीस असेल तर डेक्सामेथासोनच्या दिवसांत टाळा, त्याचं कारण रक्तातली साखर आहे, कॅन्सरला उपाशी ठेवणं नव्हे. आणि मायटोकॉन्ड्रियासाठी म्हणून को-क्यू-टेन, व्हिटॅमिन ई वगैरे अँटिऑक्सिडंट गोळ्या केमो चालू असताना स्वतःच्या मनानं घेऊ नका. २०२० साली अमेरिकेतल्या एका केमो-चाचणीतल्या बायकांच्या पाहणीत, आधी आणि दरम्यान अशा गोळ्या घेणाऱ्यांत आजार परतण्याचं प्रमाण जास्त दिसलं. पाहणीच ती, कारण सिद्ध होत नाही, पण फुकटची जोखीम का घ्यावी?

थकव्यामागची जी कारणं सापडतात आणि ज्यांवर इलाज आहे ती आधी शोधा: फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी-१२, झोप, मन उदास आहे का, आणि लाल औषध झालेलं असेल तर इको. आडवं झाल्यावर दम लागतो किंवा पायावर सूज आहे, तर इको पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट गेला तर त्याच तासाला दवाखाना, पॅरासिटामॉल देऊन वाट बघणं नको.

थकव्यावर सगळ्यात पक्का पुरावा चालण्याचा आहे, आणि राखीव ताकद शरीर मागणी केल्यावरच वाढवतं. आठवड्यात तीनदा ३० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं, आणि दोनदा थोडं वजन किंवा रबराचा पट्टा. सुरुवातीला दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे चालतील. लालबागेत सकाळी चालायला सोबत मिळते, उन्हाळ्यात सातच्या आत उरका.

आणि एक वही ठेवा. रोज संध्याकाळी काकूंना विचारायचं, शून्य ते दहात आज किती दमलात? केमो चालू असेल तर शेजारी तिचा कितवा दिवस ते. आकडा सतत चार किंवा वर राहिला तर वही डॉक्टरांसमोर उघडून ठेवा. "बरं आहे" म्हणायची सवय असलेल्या काकूंपेक्षा ती वही जास्त खरं बोलते.