कुलूपबंद घराची गृहचौकशी

बाल कल्याण समितीची (निराधार वा संकटातल्या मुलांबाबत निर्णय घेणारी समिती) फाइल सामाजिक तपासणीसाठी माझ्या हातात आली तेव्हा १५ पैकी ९ दिवस संपले होते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३६ प्रमाणे सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत पुरी व्हावी लागते. मुलगा बारा वर्षांचा, रेल्वे स्टेशनवर एकटाच सापडलेला. (कलम ७४ मुळे ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही.) माझ्याआधी झालेल्या पहिल्या गृहचौकशीत, म्हणजे घरी जाऊन केलेल्या पाहणीत, तीन नोंदी होत्या : घराला कुलूप, पालक बोलावूनही गैरहजर, उत्पन्न एक लाख, तरी मुलाची आबाळ. शिफारस बालगृहाची.

तिन्ही नोंदी खऱ्या होत्या, पण अर्थ तिन्हींचा चुकला होता. भेट झाली होती जानेवारीत, बीड जिल्ह्यात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली माणसं मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. घराला कुलूप असणारच. गृहचौकशी करायची तर कुटुंब त्या हंगामात जिथे राहतं तिथे, म्हणजे कोल्हापूरकडच्या उसाच्या फडावर.

मी अंधार पडायच्या सुमाराला त्यांच्या कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीवर, पोचलो. दिवसा गेलं तर काम थांबतं आणि मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी आणणारा, शेजारी उभा राहतो. त्याच्यासमोर मिळालेली उत्तरं अहवालात घेण्याजोगी नसतात. आई आणि वडिलांशी वेगवेगळं बोललो. ‘एक लाख’ ही उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम, निघाली. नवरा-बायकोच्या एका कोयत्यावर (ऊसतोडीत जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात) घेतलेली, अजून फिटायची होती. उत्पन्नाच्या रकान्यात कर्ज लिहिलं गेलं होतं. समितीच्या तारखेला न येण्याचं कारणही तिथेच कळलं : एक दिवस काम चुकलं की खाडा पडतो आणि त्याचे पैसे हिशेबातून कापले जातात.

मुलाशी त्याआधी बालगृहात बोललो होतो, एकट्याशी. ‘आई-वडील मारतात का?’ असं विचारलं की मूल हो-नाही म्हणून मोकळं होतं. म्हणून, काल रात्री कुणी वाढलं, ताप आला तर कोण नेतं, सकाळी उठल्यापासून काय काय करतोस, असं विचारत गेलो. गावाकडे तो आजीपाशी राहून शाळेत जायचा. दिवाळीनंतर आजी आजारी पडली आणि आई-वडिलांनी त्याला फडावर आणलं. तिथे तीन वर्षांच्या बहिणीला सांभाळणं आणि बैलांना वैरण-पाणी त्याच्याकडे. तो घर सोडून पळाला नव्हता. शाळेकडे निघाला होता.

तरी आई-वडिलांची अडचण समजली म्हणून धोका कमी लिहायचा नसतो. मुलाच्या पाठीवर वळ होता. त्याची जागा, लांबी, रंग, पाहिल्याची तारीख आणि मुलाचे स्वतःचे शब्द जसेच्या तसे लिहिले, वैद्यकीय तपासणीची विनंती जोडली. वडिलांनी मारल्याचं मान्य केलं, तेही त्यांच्याच शब्दांत. दिवसभर धाकटी कोपीपाशी एकटी आणि उसाचे ट्रॅक्टर तिथूनच जातात, हा दुसरा धोका. तो मूळ फाइलमध्ये नव्हताच, कारण फाइल फक्त मुलाची होती.

मी पानाच्या मधोमध रेघ मारतो. डावीकडे पाहिलेलं-ऐकलेलं, उजवीकडे माझा अर्थ. ‘घरचं वातावरण असमाधानकारक’ हे वाक्य डावीकडे बसत नाही. मग ते अहवालातही नको. कुटुंबवृक्ष काढताना गावातला मामा सापडला. आईने आधी त्याचं नाव घेतलं नव्हतं, कारण भावाशी बोलणं बंद होतं. मामाच्या घरी वेगळी भेट दिली : झोपायची जागा, घरात कोण कोण, मामीची तयारी, शाळेचं अंतर.

शिफारस अशी गेली : मुलगा मामाकडे, शाळा तीच, बालसंगोपन योजनेसाठी अर्ज, धाकटीची स्वतंत्र पाहणी, आणि पाठपुरावा १५ दिवसांनी, महिन्याने, तीन महिन्यांनी. प्रत्येक भेटीत त्याच चार गोष्टी बघायच्या : हजेरीपटावरचे दिवस, वजन, आईशी फोन किती वेळा, अंगावर नवी खूण आहे का. मोजमाप पहिल्या दिवशीच ठरवलं नाही तर तिसऱ्या महिन्यात ‘सुधारणा दिसते’ एवढंच लिहायला उरतं.

तिसऱ्या महिन्याच्या भेटीत हजेरी नियमित होती. उचल मात्र फिटलेली नव्हती, आणि बाकी पुढच्या हंगामावर गेली. म्हणून प्रकरण बंद करण्याची शिफारस केली नाही. पुढची भेट सप्टेंबरात, टोळी निघायच्या आधी, लावून घेतली.