आमची वाटचाल : आधी तारखा, मग आकडे

एका देशातून दुसऱ्या देशात कामाला जाणाऱ्यांचे कर आमची फर्म बघते. आमच्याकडे नवा क्लायंट आला की पहिल्या भेटीत आम्ही पगार विचारत नाही. तारखा विचारतो. कोणत्या दिवशी कुठल्या देशात होतात, घर कुठे आहे, मुलं कुठे शिकतात. एक गृहस्थ उत्तरादाखल बोर्डिंग पासांनी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले होते. काहींवरची शाई पार उडालेली. आम्ही दोघं दुपारभर ते पास टेबलावर महिन्यांप्रमाणे मांडत बसलो, आणि त्यांचं वर्ष हळूहळू समोर आलं. आमचं काम नेमकं काय, हे मला त्या दुपारी उमगलं.

फर्म काढण्याआधी मी एका कंपनीत पगारपत्रकं करायचो. परदेशी जाणाऱ्यांचा व्हिसा, तिकीट, तिथलं घर सगळं कंपनी बघायची. कराचा विषय निघाला की मात्र ‘ते तुमचं तुम्ही बघा’. दोन-तीन वर्षांनी तीच माणसं नोटीस घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहायची. तिथे कर कापलेला, इथेही मागितलेला. त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसायचं, आणि ते मला फार लागायचं. म्हणून रात्री घरी बसून देशादेशांमधले कर-करार वाचायला लागलो. पुढे एका अकाउंटंट मैत्रिणीला सोबत घेऊन फर्म सुरू केली.

‘१८३ दिवसांच्या आत परत आलो, म्हणजे तिथे कर नाही’ ही समजूत आम्हाला जवळजवळ प्रत्येक क्लायंटकडे भेटते. आणि बहुतेकांचं नुकसान इथेच होतं. ओईसीडी ही देशांची संघटना. तिचा नमुना करार समोर ठेवून बरेच देश आपसातले कर-करार करतात. त्याप्रमाणे पगारावर ही सूट हवी असेल, तर तीन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. कोणत्याही सलग बारा महिन्यांत मुक्काम १८३ दिवसांहून जास्त नको, पगार देणारा त्या देशाचा निवासी नको, आणि पगाराचा बोजा त्याच्या तिथल्या कायमच्या कार्यालयावर पडलेला नको. एक अट हुकली की सूट गेली, मग दिवस चाळीस का असेनात.

शिवाय ‘दिवस’ म्हणजे काय, हेही सगळीकडे एक नाही. ब्रिटनमध्ये साधारणपणे रात्री बाराच्या ठोक्याला तुम्ही देशात असाल, तर तो दिवस धरतात. अमेरिकेत सहसा दिवसाचा थोडासा भाग घालवला तरी पूर्ण दिवस मोजतात. सोमवारी सकाळी उतरून शुक्रवारी संध्याकाळी परतणाऱ्याचे एका पद्धतीने चार दिवस होतात, दुसरीने पाच. चाळीस आठवड्यांचे १६० किंवा २००. वर अमेरिकेत गेल्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचा एक षष्ठांश हिशेबात मिळवतात. म्हणून तारखांशिवाय आम्ही कुणालाही उत्तर देत नाही.

दोन्ही देश ‘हा आमचाच निवासी’ म्हणाले तर? या प्रश्नावर विचार जुना आहे. दुहेरी करावर चार अर्थतज्ज्ञांनी राष्ट्रसंघाला (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेला) १९२३ साली अहवाल दिला, आणि ओईसीडीच्या नमुना कराराचा पहिला मसुदा १९६३ चा. नमुना करारातला क्रम आम्ही ऑफिसच्या भिंतीवर लावला आहे. आधी कायमचं घर कुठे ते बघायचं, मग जिव्हाळ्याचे आणि पैशाचे संबंध कुठे जास्त घट्ट आहेत, मग नेहमीचा मुक्काम, मग नागरिकत्व. तरीही सुटलं नाही, तर दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी आपसात ठरवायचं. वाचायला सोपं आहे. पण एका बाईंची दोन्हीकडे घरं होती. आई एका देशात, नोकरी दुसऱ्या देशात. आम्ही प्रश्न विचारत गेलो, आणि मध्येच थांबून त्या म्हणाल्या, “मी कुठली, हे आता कागदावर लिहून द्यायचं का?” त्या दिवशी आम्ही फाइल मिटली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बसलो. हे प्रश्न घाईत विचारू नयेत.

तिसऱ्या वर्षी आमच्या हातून मोठी चूक झाली. एका क्लायंटचा परदेशात पगारातून कापलेला सगळा कर आम्ही मायदेशीच्या रिटर्नमध्ये क्रेडिट म्हणून लावला, म्हणजे इथल्या करातून वजा केला. पुढे तिथलं रिटर्न भरल्यावर त्यातला बराच कर त्यांना परत मिळाला. क्रेडिट असतं ते शेवटी खरोखर बसलेल्या कराचं, कापलेल्या रकमेचं नाही. नोटीस आली, व्याज लागलं. ते व्याज आम्ही भरलं आणि त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून ज्या देशात कमाई झाली तिथलं रिटर्न आधी, निवासाच्या देशाचं नंतर. अर्थात तारखा नेहमी जुळत नाहीत. कुणाचं कर-वर्ष जानेवारीत सुरू होतं, भारताचं १ एप्रिलला, ब्रिटनचं ६ एप्रिलला. तेव्हा आधी मुदतीत भरतो आणि पक्का आकडा हाती आला की सुधारित रिटर्न देतो.

क्रेडिटलाही मर्यादा असते. शंभराच्या कमाईवर तिथे चाळीस कर आणि इथे तीस असेल, तर साधारणपणे तीसचंच क्रेडिट मिळतं. आणखी एक नुकसान याहून जास्त सलतं, कारण ते टाळता येतं. करारात लाभांशावर पंधरा टक्के असताना निवासाचा दाखला (आपण कराच्या दृष्टीने कुठल्या देशाचे निवासी, याचा तिथल्या कर खात्याचा कागद) वेळेवर न दिल्यामुळे तीस कापले जातात. ते वरचे पंधरा मायदेश सहसा देत नाही, जिथे कापले तिथूनच मागावे लागतात. हा दाखला आम्ही आता वर्षाच्या सुरुवातीलाच काढून घ्यायला लावतो. पेन्शनसारख्या सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीचे करार वेगळे असतात. तो कागदही वेगळा.

अलीकडे लॅपटॉप घेऊन दुसऱ्या देशातून काम करणारे खूप येतात. पगार जुन्याच खात्यात येतो, त्यामुळे काही बदललं असं त्यांना वाटतच नाही. पण पगारावर कर घेण्याचा हक्क मुख्यतः ठरतो तो माणूस प्रत्यक्ष कुठे बसून काम करतो त्यावरून, बँक कुठली यावरून नव्हे. ही माणसं निघण्याआधी आमच्याकडे यावीत, असं मला फार वाटतं. बहुतेक जण वर्ष उलटल्यावर येतात.

ज्यांचं व्याज आम्ही भरलं, ते गृहस्थ आजही आमच्याकडेच आहेत. गेल्या महिन्यात ते मुलीला घेऊन आले. तिला दुसऱ्या देशात नोकरी लागली आहे, तिकीट अजून काढायचं आहे. माझ्या भागीदारणीने कोरं कॅलेंडर तिच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, “कुठल्या तारखेला निघायचा विचार आहे?”