कणकुंबीची बाटली

गणपती पोचवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीला घेऊन बेळगावहून निघालो. ती गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत संशोधन करते. ताईनं मोदकांचा डबा, मैत्रिणींसाठी कुंदा, शिवाय एक भोपळासुद्धा गाडीत कोंबला होता. दोन वर्षं गोव्यात काढली तरी पोरीचं "मी येतो, मी जातो" काही सुटलेलं नाही. तिथं सगळे हसतात म्हणे. हसू देत.

पिरनवाडी, किणये, जांबोटी. रस्त्याबद्दल न बोललेलंच बरं. जांबोटीत चहा घेतला, भजी गरम होती, बाहेर धुकं.

कणकुंबीत माउलीच्या देवळापाशी ती म्हणाली, "मामा, गाडी थांबव की जरा."

इथं मलप्रभा उगम पावते. लहानपणापासून दर्शनाला येतोय, पण एक गोष्ट कधी डोक्यात आली नव्हती. मलप्रभा इथून पूर्वेला वळते, कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते. त्याच गावचा कळसा नाला मात्र म्हादई नदीचा, म्हणजे पणजीहून अरबी समुद्रात. एकाच खानापूर तालुक्याचं पाणी दोन समुद्रांना! त्या नाल्याचं पाणी मलप्रभेत वळवायचं की नाही यावरून कर्नाटक आणि गोवा किती वर्षं भांडताहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये लवादाचा निकाल आला, तरी भांडण आहे तिथंच. आम्हा सीमाभागातल्यांना वादाची सवय आहे म्हणा.

देवळातून आल्यावर भाचीनं पिशवीतनं काचेची छोटी बाटली काढली आणि खाली ओढ्यावर गेली. बाटली पाण्यात बुडवून काठोकाठ भरली, उलटसुलट करून बघितली. आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी सगळं फुकट. मग दोन कुप्यांतून दोन औषधं थेंब थेंब आत सोडली आणि बूच लावलं. बघता बघता आत तपकिरी गाळ धरला, पातळ चहाच्या रंगाचा.

"हा ऑक्सिजन. पाण्यात तो नसता तर गाळ पांढरा झाला असता."

विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनतज्ज्ञानं ही रीत १८८८ मध्ये काढली. आजही जगभर तीच वापरतात. मला ते जरा मागासलेलं वाटलं, तसं बोललोही. त्यावर घाटात पोचेपर्यंत माझी शाळा घेतली गेली.

साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. कितीतरी देशांची चाळिसावर जहाजं आली आणि त्यातूनच १ जानेवारी १९६६ ला ही गोव्याची संस्था उभी राहिली. शीतयुद्धाचे दिवस, एकमेकांचं तोंड न बघणारे देश. पण बाटलीतलं माप सगळ्यांचं एकच. म्हणून तर अशा जुन्या नोंदी आजच्या नोंदींशेजारी ठेवता येतात. असं मांडल्यावरच कळलं, की १९६० पासून जगातल्या समुद्रांनी सुमारे दोन टक्के ऑक्सिजन गमावलाय. समुद्र तापला की त्यात वायू कमी विरघळतो, आणि वरचं-खालचं पाणी एकमेकांत मिसळतही नाही. आता जवळपास चार हजार आर्गो तरंगक, म्हणजे आपोआप खाली-वर करणारी मोजमापाची यंत्रं, समुद्रात आहेत. दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलातून वर येतात, उपग्रहाला माहिती देतात आणि ती कुठल्याही देशाला फुकट मिळते. आमच्याकडे दोन राज्यांत नाल्याच्या पाण्याचा आकडा जुळत नाही.

चोर्ल्याच्या वळणांवर मी विचारलं, "आणि आमच्या पाण्याचं काय?"

"तेच तर शिकायलोय. पावसाळ्यात कमी ऑक्सिजनचं थंड पाणी खालून किनाऱ्याकडे चढतं. त्यावर पाऊस आणि नद्यांचं गोडं, हलकं पाणी झाकणासारखं बसतं. वरची हवा खाली पोचतच नाही. खाली जे मेलं ते कुजतं आणि होता तेवढा ऑक्सिजन संपवतं."

म्हणजे त्या झाकणात कळसा नाल्याचंही पाणी. पुढं म्हणाली, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यासमोरच्या तळाच्या पाण्याला कधी सडक्या अंड्याचा वास येतो. हे मुळात निसर्गाचंच, पण शेतातल्या नत्रखतानं ते वाढत असावं, असं समुद्रशास्त्रज्ञ नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडलं होतं. युरियाचं पोतं मीही उचललंय, त्यामुळं गप्प बसलो.

केरी उतरून साखळीला पोचलो तेव्हा बाटली मोदकाच्या डब्याला टेकून उभी होती. गाळ तळाशी बसला होता, वर नितळ पाणी. दोना पावलाला तिला सोडलं. भोपळा तिनं गाडीतच ठेवला, मीही ताईला सांगितलं नाही.

"पुढच्या आठवड्यात कांदोळीसमोर बोट जाणार. फोटो पाठवतो, मामा."

नऊ दिवसांनी फोटो आला. दोन बाटल्या शेजारी शेजारी. वरच्या पाण्याची तपकिरी, आपल्या ओढ्यासारखी. तळाची दुधासारखी पांढरी.