घरी जोडलेल्या थर्मल कॅमेऱ्यात गाईचा ताप दिसतो का?

माझा घरी जोडलेला थर्मल कॅमेरा पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो: "यात जनावराचा ताप दिसतो का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो. ताप दिसत नाही. दिसतं ते कातडीचं तापमान. त्याचा उपयोग फार मोठा आहे, पण तो वेगळ्या कामासाठी.

आधी एक गैरसमज दूर करतो. वेबकॅममधला इन्फ्रारेड फिल्टर काढला की उष्णता दिसू लागते, असं बरेच जण समजतात. पण वेबकॅमचा सिलिकॉन सेन्सर जेमतेम १.१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीपर्यंतच्या प्रकाशलहरी टिपतो, आणि गाईच्या अंगातून सर्वाधिक बाहेर पडतात त्या ९ ते १० मायक्रॉनच्या आसपासच्या. गाय विण्याच्या बेतात असेल तर असा कॅमेरा इन्फ्रारेड दिव्याच्या मदतीने रात्रभर लक्ष ठेवायला फार चांगला. उष्णतेसाठी सेन्सरच वेगळा लागतो.

माझ्याकडचा सेन्सर एमएलएक्स९०६४० आहे. त्याचं चित्र ३२ बाय २४, म्हणजे ७६८ ठिपक्यांचं (पिक्सेलचं). ईएसपी३२ या छोट्या संगणकासारख्या बोर्डाला चार तारांनी जोडला की काम सुरू. याहून साधा एएमजी८८३३ मिळतो, पण त्यात ६४च ठिपके. जनावर जागेवर आहे का एवढं कळतं, कास तपासता येत नाही. धूळ लागू नये म्हणून पुढे काच मात्र लावू नका. या लहरींना काच भिंतीसारखी अडवते. पॉलिथिनचा पातळ कागद चालतो, फक्त तो लावल्यावर आकडे पुन्हा ताडून पाहावे लागतात.

आता तापाचं. एकदा आमची गाय सकाळपासून चाऱ्याला तोंड लावेना. मी दोन मीटरवरून कॅमेरा धरला, डोळ्यापाशी ३५ अंश आले, आणि मी निश्चिंत झालो. संध्याकाळी डॉक्टरांनी गुदद्वारात थर्मामीटर लावला तर ४०.४. गाईचं नेहमीचं तापमान ३८.५च्या आसपास असतं. माझ्यामुळे तिचा एक अख्खा दिवस गेला, आणि तो मला अजून सलतो. चूक कुठे झाली ते त्या रात्री हिशेब मांडल्यावर कळलं. माझ्या सेन्सरचं भिंग आडवं ५५ अंशांच्या कोनातलं बघतं. त्यात ३२ ठिपके, म्हणजे दोन मीटरवर एकेक ठिपका सहा सेंटिमीटर रुंद. डोळ्याचा आतला कोपरा, जिथे आतल्या उष्णतेचा सगळ्यात चांगला अंदाज येतो, तो जेमतेम एक सेंटिमीटर. म्हणजे मी डोळा मोजलाच नव्हता. डोळा, पापणी, गालावरचे केस, सगळ्यांची सरासरी वाचली होती. तीस सेंटिमीटरवर गेलं की ठिपका एक सेंटिमीटरच्या आत येतो. तरीही सेन्सरची चूक अंशभर असू शकते, आणि ताप म्हणजे दीड-दोन अंशांचाच खेळ. शंका आली की थर्मामीटर लावायचाच.

मग हा कॅमेरा कशाला? तुलनेसाठी. आकडा अंशभर चुकला तरी तो डावीकडे आणि उजवीकडे जवळपास सारखाच चुकतो, त्यामुळे दोन बाजूंमधला फरक बराच खरा येतो. डावं खूर आणि उजवं खूर, कासेचा हा भाग आणि तो भाग, कालचं चित्र आणि आजचं. कासदाहात, म्हणजे कासेला सूज आली की, कास गरम होते, खुराला इजा झाली की केस संपून खूर सुरू होतं ती कड तापते.

पण रंगांवर भरवसा ठेवू नका. पडदा समोरच्या सगळ्यात थंड आणि सगळ्यात गरम जागेत रंग वाटून देतो, त्यामुळे निरोगी जनावरातही काहीतरी लाल दिसतंच. मी रंगांची पट्टी २० ते ४० अंशांवर कायमची बांधून टाकली आहे. उन्हातून आलेलं, ओलं किंवा चिखल लागलेलं जनावर मोजत नाही. एकदा कासेची एक बाजू चांगलीच तापलेली दिसली आणि पोटात गोळा आला. गाय नुकतीच त्या कुशीवरून उठली होती. अर्ध्या तासाने दोन्ही बाजू सारख्या. तेव्हापासून धारेआधी, सावलीत, गाय उभी राहून थोडा वेळ झाल्यावर, त्याच अंतरावरून बघतो. सेन्सरही सुरू करून चार-पाच मिनिटं तापू देतो, आणि शेजारी कोमट पाण्याचं भांडं ठेवून त्यातल्या थर्मामीटरशी आकडा ताडतो. भांडं चकचकीत धातूचं असेल तर पाण्याच्या पृष्ठभागावरच नेम धरायचा, कारण धातू स्वतःची नाही, समोरच्या वस्तूंची उष्णता दाखवतो.

ही शिस्त पाळायला लागल्यावर एका सकाळी मागच्या डाव्या खुराची कड उजव्यापेक्षा तीन अंशांनी गरम दिसली. गाय लंगडत नव्हती. अर्ध्या तासाने पुन्हा पाहिलं, फरक तसाच. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी पाय उचलून दोन नख्यांमधली जागा साफ केली आणि आत रुतलेला टोकदार खडा काढला. चौथ्या दिवशी पडद्यावर दोन्ही खुरं एकाच रंगाची होती.