डिकीला दोन भोकं

ड्रिल पत्र्यावर टेकवलं आणि मेकॅनिक थांबला. “साहेब, भोक पाडलं की पाडलं. परत बुजत नाही हां.”

कुर्ल्याहून घासाघीस करून आणलेला जुना स्पॉयलर, म्हणजे डिकीवर बसवायची पंखासारखी पट्टी. वरून पांढरा, आमच्या होंडा सिटीच्या रंगाशी जवळपास जुळणारा. (जवळपासच.) उलटा केला तर कडेला जुन्या डबल टेपचा काळा थर आणि त्याला चिकटून आलेला चंदेरी रंगाचा नखाएवढा पापुद्रा. दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीचा.

म्हटलं, पाडा.

मास्किंग टेपवर खुणा, दोन भोकं, कडांना प्रायमर, नाहीतर पहिल्याच पावसात गंज धरणार. मग सिलिकॉन, बोल्ट. तासाभरात काम झालं.

आता डिकी उघडली की वर थांबत नाही. स्प्रिंगला ते जास्तीचं वजन पेलत नाही, हळूहळू डोक्यावर येते. एका हाताने डिकी धरायची, दुसऱ्याने भाजीच्या पिशव्या काढायच्या. आई बघत होती. “याने नक्की होतं काय रे?”

वेगात गाडीची मागची बाजू दाबून धरतो, म्हणालो. सायनच्या ट्रॅफिकमध्ये वीसच्या स्पीडला!

मेकॅनिकचं ते वाक्य मात्र डोक्यातून जात नाहीये. त्या चंदेरी गाडीलाही भोकं असतीलच ना? ती कुणी बुजवली असतील?