सड्यावरचा हत्ती आणि शेजारची चिरेखाण

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीला लोक जातात ते कनकादित्याच्या देवळासाठी, नाहीतर देवघळीच्या किनाऱ्यासाठी. आम्ही गेलो कातळात कोरलेला हत्ती बघायला. जवळ उभं राहिलं की नुसत्या खाचा दिसतात, हत्तीबित्ती काही कळत नाही, कारण चित्रच १८ मीटर बाय १३ मीटरचं आहे. कडेकडेने फिरत आधी सोंड सापडली, मग पाय, आणि मग त्याच्या पोटात मासे, पक्षी, प्राणी अशी सत्तरेक छोटी चित्रं, ती शोधता शोधता ऊन कधी डोक्यावर आलं कळलंच नाही. दहाएक हजार वर्षं जुनी असावीत असा पुरातत्त्ववाल्यांचा अंदाज.

ज्या जांभ्या दगडात हे कोरलंय त्याच जांभ्याचे चिरे काढून कोकणात घरं बांधतात. रस्त्यात चिरेखाणी लागतातच, मशीन लावून कापलेले सरळसोट खड्डे. सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, बहुतेक ठिकाणी खासगी मालकीचा. रिक्षावाले दादा म्हणाले, "खाण दिली की पैसे मिळतात, चित्राचे कोण देतो?" मला तरी यावर उत्तर सुचलं नाही.

रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे ही मंडळी गावोगाव सडे तुडवत फिरली म्हणून यातली कितीतरी चित्रं उजेडात आली. २०१८ मध्ये राज्य सरकारने अभ्यासासाठी २४ कोटी ठेवल्याच्या बातम्या होत्या, २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्या यादीत बारसूही आहे, दोन वाघांच्या मधे उभा माणूस कोरलाय ते बारसू, आणि २०२३ मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, आंदोलन पेटलं, तेही बारसूच! एका हाताने युनेस्कोला अर्ज आणि दुसऱ्या हाताने ड्रिलिंग, हे आपल्यालाच जमतं.

मग जपण्याचा खर्च कोणी करायचा? इंग्लंडात १९९० पासून प्लॅनिंगच्या धोरणातच आलं की बांधकामाआधीच्या उत्खननाचा खर्च बिल्डरने करायचा. चांगलंय, पण तिथे बऱ्याचदा वस्तू काढतात, नोंदी करतात आणि वर बिल्डिंग उभी राहते. इथे जमीन हेच चित्र, काढून म्युझियममध्ये काय नेणार? म्हणून मला वाटतं पैसा आधी जमीनमालकाकडे जायला हवा, दरवर्षी, भाड्यासारखा. नुसती कुंपणं आणि पुरातत्त्व खात्याचे निळे बोर्ड लावून तो काय खाणार.

रत्नागिरीजवळच्या उक्षी गावात मात्र बरं वाटलं. तिथेही हत्तीच आहे आणि गावाने पुढाकार घेऊन त्याच्याभोवती कठडा केलाय, त्यामुळे चित्रावर पाय न देता सगळीकडून नीट बघता येतं. कोकण रेल्वेचं स्टेशनही आहे उक्षीला.

जाणार असाल तर पावसाळा संपून गवत वाळल्यावर जा, सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात, तेव्हा खाचांत सावली पडून आकार स्पष्ट दिसतात. पाणी भरपूर घ्या, सड्यावर झाड नाही. खाचांत खडू भरून फोटो काढू नका प्लीज. आणि गावातलाच माणूस वाट दाखवायला घ्या, त्याच्याशी पैशांत घासाघीस करू नका.